वाऱ्याच्या खालच्या अंगाला

मी शाकाहारी आहे, आणि आयुष्यातली सगळ्यात आवडती नोकरी मी शिकाऱ्यांच्या तळावर केली. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की समोरचा माणूस एक तर हसतो, नाहीतर विषय बदलतो. आमच्या मंडळातल्या वर्षाताईंनी मात्र गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाची वाटी हातात असताना, सरळच विचारलं होतं, "अगं सुलभा, पाप नाही का लागत?"

"लागत असेल," मी म्हटलं. "रविवारी तुमच्याकडे बिर्याणी होती ना, तिच्याइतकंच."

त्यानंतर त्या माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. मला चाललं.

पुण्यात लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी चिंचवडच्या एका साबणाच्या कारखान्यात होते, वासाच्या खात्यात. साबणाला मोगऱ्याचा, चंदनाचा, लिंबाचा वास घालायचा आणि तो शेवटच्या चिपटीपर्यंत टिकतो का ते नाकानं तपासायचं. मग नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे आम्ही अमेरिकेत, बॉथेलला आलो. मला काम करायची परवानगी मिळाली ती नेमकी मंदीत. लॅब ओळीनं माणसं कमी करत होत्या आणि मी अर्ज पाठवत होते. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात आम्ही डोंगर ओलांडून पूर्वेला चेरी तोडायला गेलो होतो, तिथल्या एका पेंड-भुशाच्या दुकानात फळ्यावर चिठ्ठी दिसली. शिकारीच्या तळावर स्वयंपाकाला माणूस हवं. सप्टेंबरभर तंबूत राहावं लागेल. आणि खाली मोठ्या अक्षरांत: अत्तर लावणाऱ्यांनी विचारूसुद्धा नये.

वासाच्या खात्यातल्या बाईनं ही ओळ वाचल्यावर तिला पुढे जाववेल का?

त्या तळाची मालकीण डार्लीन. साठीच्या आसपासची, विधवा, उंच, हातांवर दोराचे घट्टे. नवऱ्याच्या मागे खेचरं, तंबू आणि जंगलात तळ टाकायचा परवाना तिनं एकटीनं चालवला होता. मुलाखतीत तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. जवळ आली, हवेत नाक फिरवलं आणि म्हणाली, "नारळ. आणि चर्चमध्ये जाळतात तसलं काहीतरी."

खोबरेल तेल आणि उदबत्ती. नाक पक्कं होतं.

"तुमच्या जॅकेटला खेचराचा वास येतोय," मी म्हटलं. "आणि सिगारेटचा. ती तुम्ही आज नाही, काल ओढलीय."

तिनं जॅकेटची बाही हुंगली. "खेचर चालतं," म्हणाली. "सिगारेट मी सीझनच्या आधी सोडते आणि सीझन संपला की धरते. तुला नारळ सोडता येईल?"

नोकरी मिळाली. सुलभा तिच्या जिभेला जमेना, तेव्हा ती मला 'सल' म्हणायला लागली. मराठीत सल म्हणजे काय, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता काम काय होतं ते सांगते. आमच्याकडे यायचे ते धनुष्यबाणवाले. बंदूकवाला लांबच्या टेकडीवरून काम उरकतो. बाण मारायचा तर जनावर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असावं इतकं जवळ यावं लागतं. आणि जनावर म्हणजे एल्क, आपल्या सांबराचा थोरला चुलता म्हणा. त्याच्या डोळ्यांना फसवता येतं, पानापानांचे कपडे घातले की तुम्ही झुडूप होता. कानांनाही फसवता येतं, पाय वाजला तर त्याला दुसरं जनावरच चाललंय असं वाटू शकतं. नाकाला मात्र फसवता येत नाही. माणसाचा वास एकदा नाकात गेला की एल्क थांबून विचार करत बसत नाही. सगळा कळप डोंगर ओलांडून जातो आणि त्या ओढ्यात आठवडाभर फिरकत नाही.

आता या माणसाला जंगलात चार-पाच दिवस राहायचंय, तिथेच झोपायचं, जेवायचं, घाम गाळायचा, परसाकडला जायचं, आणि तरी जंगलाला वाटलं पाहिजे की इथे कोणी नाही. ही लबाडी जमवणं म्हणजे माझं खातं. मला नेमलं होतं स्वयंपाकाला, पण दुसऱ्या सीझनपर्यंत तळावरचा वास हा सगळा माझाच प्रांत झाला.

मी नियम केले. शिकारीचे कपडे खायच्या सोड्यात धुवायचे, देवदाराच्या फांद्यांत वाळवायचे आणि घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवायचे. ते घालून स्वयंपाकाच्या तंबूत पाऊल टाकायचं नाही. जेवायचे कपडे वेगळे, झोपायचे वेगळे. दात सोड्यानं घासायचे. ज्या बुटांनी पेट्रोल भरलं ते बूट खाली गाडीतच ठेवायचे. सकाळी बेकन मिळणार नाही. या शेवटच्या नियमावरून मोठमोठे दाढीवाले पुरुष माझ्यापुढे अक्षरशः रडकुंडीला आले आहेत. मी त्यांना ओटची पेज दिली.

पण हे सगळं झालं वरवरचं. खरी गोष्ट वाऱ्याची. ऊन चढलं की डोंगरातली हवा उताराला धरून वर सरकते, सावली पडली की थंड होऊन ओढ्याच्या अंगानं खाली येते. तळ कुठे टाकायचा, संडासाचा खड्डा कुठे खणायचा, धुण्याचं पाणी कुठे ओतायचं, हे सगळं त्या हिशोबानं. तुमचा वास थांबवता येत नाही, फक्त तो कुठे जाईल एवढं ठरवता येतं. जनावर यायचं तिथून आपण वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं. हे मला डार्लीननं शिकवलं. वारा बघायला शिकारी पावडरची डबी दाबतात, पण ती दोन हातांवर दिसेनाशी होते. ओढ्याकाठी तिकडचं रुईच्या जातीचं झुडूप असतं, त्याची बोंडं फुटली की आत आपल्याकडच्यासारख्याच कापसाळ, उडणाऱ्या म्हाताऱ्या. त्यातली एक सोडली की कुठे चाललीय, कुठे वळलीय, ते लांबपर्यंत दिसतं. डार्लीनच्या खिशात त्या कायम असायच्या. लहानपणी मीही त्यांच्यामागे धावलेय, पण आपण त्यांच्याकडे पाहून वारा वाचतोय हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

माणसं एकेक नमुना. एक दातांचे डॉक्टर यायचे. शेतावर फवारणी करावी तसा वास मारणारा स्प्रे स्वतःवर मारायचे, काखेत, टोपीत, धनुष्याच्या मुठीवर. आणि मग जाऊन बसले की खिशातून पुदिन्याचं च्युइंगम काढायचे. दुसरा एक होता त्याचं म्हणणं, अंघोळ न करणं हाच निसर्गाचा मार्ग. त्याला आम्ही सगळ्यांत खालच्या तंबूत ठेवला, तिथे त्याला भरपूर निसर्ग मिळाला. तिसऱ्यानं स्वतःचा वास झाकायला एल्कच्या मादीच्या मुताची बाटली आणली होती. हो, विकत मिळते. ती रात्री त्याच्या झोपायच्या पिशवीत फुटली. सकाळी तो खेचरांजवळ बसला होता आणि खेचरं दावं ताणून लांब उभी होती.

आणि ब्रेंट. याच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

ब्रेंटचा बांधकामाचा धंदा होता. अंग मोठं, आवाज त्याहून मोठा. तीन मित्रांना घेऊन दर सप्टेंबरला यायचा, दुसरा आठवडा त्याचाच असायचा. माझ्या पहिल्या सीझनला त्याला तीन दिवस काही दिसलं नाही. चौथ्या संध्याकाळी जेवताना म्हणाला, "मला माहितीये काय झालंय ते. करी."

टेबलावर बटाटे होते आणि मांसाचा वडीसारखा भाजलेला तुकडा, मी न चाखता केलेला. हळदीचा कणही नव्हता. मी तसं म्हटलं.

"जेवणात नाही गं," तो म्हणाला. "तुझ्या अंगातूनच येतो तो. दोष नाही तुझा. पण येतो."

सगळे ताटात बघायला लागले. अमेरिकेत आल्यापासून हे वाक्य मी वेगवेगळ्या रूपांत ऐकलं होतं. लिफ्टमध्ये कुणी उगाच नाक चोळायचं, आमच्या इराला शाळेत कुणी डब्यावरून बोललं होतं आणि तिनं घरी येऊन सांगितलं होतं, "आई, नो मोअर पोळी-भाजी, प्लीज." तेव्हा मी गप्प बसले होते. त्या तंबूत काय झालं कोण जाणे, पण गप्प बसावंसं वाटलं नाही.

"येतो," मी म्हटलं. "माझ्या अंगातून मसाल्याचा येतो, तुझ्या अंगातून बिअर आणि चीजचा येतो. एल्कला त्यातला फरक कळत नाही, ब्रेंट. त्याला एवढंच कळतं की माणूस आहे. वासापायी तू तळ सोडलास तर मीही सोडीन."

डार्लीन म्हणाली, "बटाटे इकडे सरकवा."

शेवटच्या दिवशी ब्रेंटला मोठा नर मिळाला आणि तो पुढच्या वर्षी परत आला, आणि त्याच्या पुढच्याही. आमचं बरं चालू झालं होतं. मी त्याचे कपडे धुवायचे, तो माझ्यासाठी लाकडं फोडायचा. तो वाईट माणूस होता असं मी आजही म्हणणार नाही. आणि म्हणूनच पुढे जे झालं ते जास्त लागलं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात डार्लीनला एका बाईचा फोन आला. मी स्वयंपाकाच्या पेट्या बघायला तिच्याकडे गेले होते. जीन नाव होतं बाईचं. तिचे वडील हॅरोल्ड, ऐंशीला टेकलेले. तरुणपणी डार्लीनच्या नवऱ्याबरोबर याच डोंगरात शिकार करायचे. दोन वर्षांपूर्वी आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून शौचासाठी पोटावर पिशवी. त्यांना एकदा, शेवटचं, वर यायचं होतं. हातात धनुष्य ओढायची ताकद नव्हती, पण अपंगत्वाचा खास परवाना काढून बंदुकीसारखा घोडा दाबून बाण सोडायचं धनुष्य, म्हणजे क्रॉसबो, वापरता येणार होतं. एवढं सांगून जीन म्हणाली, "आणखी एक सांगायला हवं. बाबांना कधी कधी वास येतो. पिशवीचा. तुमच्याकडे वासाचे नियम फार कडक आहेत असं ऐकलंय."

डार्लीननं फोनवर हात ठेवला. "सल, जमेल?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "हो म्हण."

रिकामी जागा नेमकी ब्रेंटच्याच आठवड्यात होती. एक तंबू, सगळ्यांपासून जरा बाजूला.

हॅरोल्ड आले ते खेचरावर बसून. बारीक अंग, स्वच्छ दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट. वर येतानाच मी त्यांना काका म्हणायला लागले होते. आमच्याकडे वडलांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत असं सांगितलं, त्यांना ते पटलं. जेवायच्या तंबूत आल्यावर त्यांनी दारापाशी, अगदी कडेची खुर्ची घेतली. जीन मला हळूच म्हणाली, "दोन वर्षं झाली, सगळीकडे असंच. चर्चच्या जेवणाला तर जातच नाहीत. म्हणतात, लोक बोलत नाहीत, पण खुर्च्या सरकवतात."

आणि त्याच जेवणात झालं. पिशवीतून आवाज आला, पाठोपाठ वास. फार नाही. तान्ह्या बाळाच्या घरात येतो तेवढा. पण आमच्या त्या तळावर, जिथे माणसं पुदिन्यालाही घाबरायची, तिथे तो तंबूभर झाला. काका ताट घेऊन उठले आणि बाहेर गेले. जीन त्यांच्यामागे.

ब्रेंट चूल ठेवलेल्या कोपऱ्यात आला. आवाज खाली ठेवायचा त्यानं प्रयत्न केला, पण तो आवाजच मुळात खाली राहणारा नव्हता. "डार्लीन, मला त्या म्हाताऱ्याबद्दल वाईट वाटतं. खरंच. पण आम्ही वर्षभर या आठवड्याची वाट बघतो. तो माणूस सगळा ओढा खलास करेल, एक एल्क इकडे फिरकणार नाही. त्याला खाली पाठव, नाहीतर आम्ही चाललो."

डार्लीननं हात पुसले. "वासाचं खातं सलकडे आहे."

ती जबाबदारी झटकत नव्हती. मी 'नाही' म्हटलं असतं तर तिनं ते ऐकलं असतं, आणि 'हो' म्हटलं असतं तरी ऐकलं असतं. ब्रेंटचा आठवडा म्हणजे तळाच्या सीझनचा कणा होता, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं.

"ते राहतील," मी म्हटलं.

"तू गॅरंटी देतेस? एल्कला त्याचा वास येणार नाही याची?"

"नाही. तुझीही मी कधी दिली नव्हती." मग मी त्याला सांगितलं, की तो जो महागाचा शिकारीचा सूट घालतो, त्याच्या अस्तरात लोणारी कोळशाचीच भुकटी आहे, वास शोषायला. काकांच्या पिशवीच्या तोंडाशी जी चकती असते तिच्यातही तोच कोळसा. "तुझा कोळसा चालतो आणि त्यांचा चालत नाही, असं का?"

"हे तसं नाहीये, सल."

"मग कसं आहे?"

तो तंबूबाहेर निघून गेला. सकाळी चौघांनी सामान बांधलं. त्यांच्यातला एक, जरा लाजाळू असायचा, जाताना माझा हात हातात घेऊन जरा उभा राहिला. मग तोही गेला. रिकामे तंबू फडफडत राहिले.

मी काकांच्या तंबूत गेले तर तेही पेटी भरत होते. कापडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं.

"माझ्यामुळे तिचं नुकसान झालं," ते म्हणाले. "मी खाली जातो."

"आता गेलात तर दोन नुकसानं होतील. ते गेले आणि तुम्हीही गेलात. मग आम्ही दोघी बायका इथे काय करू, खेचरांना पेज भरवू?"

ते हसले नाहीत. पेटीत मोजा ठेवत राहिले.

"काका, पहिल्या वर्षी याच माणसानं माझ्या अंगाला करीचा वास येतो म्हणून सांगितलं होतं. मी गेले का?"

त्यांनी मान वर केली. हवेत जरा नाक फिरवलं, अगदी डार्लीनसारखं. "मला नाही येत."

"कारण मी काम चोख करते. आता तुमचं करू द्या."

त्यांनी मोजा पेटीतून बाहेर काढला.

मग आम्ही कामाला लागलो. पिशवीचं सगळं जीन बघायची, त्यात मी हात घातला नाही. ते त्यांच्या घरातलं होतं. मी बघितलं ते खाणं. कांदा, अंडी, कोबी, घेवड्याच्या बिया बंद. ऑपरेशननंतर दिलेल्या माहितीत ताक आणि दह्यानं वास कमी होतो असं सांगितलं होतं, असं जीन म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. दही लावणं हे मला अमेरिकेत कुणी सांगावं लागणार होतं का? बॉथेलहून आणलेलं विरजण होतंच, रात्री चुलीच्या उबेला भांडं गुंडाळून ठेवलं, सकाळी घट्ट दही. काकांना तिन्ही त्रिकाळ दहीभात. पहिला घास त्यांनी औषधासारखा घेतला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "तो थंड भात आहे का?" मीठ जरा जास्त लागायचं त्यांना.

डार्लीननं जागा निवडली. दाट झाडीत, डोंगराच्या कुशीतल्या सपाटीवर पाण्याचा झरा होता, चिखल होता. वरच्या गर्द रानात दिवसभर बसलेले एल्क संध्याकाळी तिथे पाण्याला उतरायचे. आम्ही झऱ्याच्या खालच्या अंगाला, एका आडव्या पडलेल्या खोडामागे बसायचं. संध्याकाळची हवा खाली वाहणार, आमचा वास आमच्या पाठीमागे जाणार.

पहिल्या दिवशी पचका झाला. काकांना चालायला वेळ लागेल म्हणून लवकर निघालो आणि फारच लवकर पोचलो. उतारावर अजून ऊन होतं. बसून थोडा वेळ झाला आणि वरच्या झाडीतून भुंकल्यासारखा आवाज आला. एल्क धोक्याला भुंकतो, कुत्र्यासारखाच, फक्त मोठ्यानं. मग फांद्या मोडल्याचा आवाज, आणि शांतता.

काका म्हणाले, "मीच."

"कदाचित तुम्ही," डार्लीन म्हणाली. "कदाचित मी. हवा अजून वर चढत होती."

कोणाचा होता तो वास? मला तेव्हाही कळलं नाही, आजही माहीत नाही. ब्रेंट असता तर त्याला माहीत असतं.

मधला दिवस धुक्याचा गेला, वारा सगळीकडून येत होता, आम्ही हललोच नाही. काका आणि मी पत्ते खेळलो. ते लबाडी करायचे आणि पकडले गेले की कान बंद झाल्याचं सोंग करायचे.

मग तिसऱ्या प्रयत्नाला आम्ही उशिरा निघालो. काकांना खेचरावर बसवलं, म्हणजे चालून घाम नको आणि घाई नको. खेचर जीनजवळ खाली ठेवलं आणि शेवटचा चढ मी आणि डार्लीननं त्यांना मधे घेऊन, थांबत थांबत, काढला. उतारावरचं ऊन नुकतंच ओसरलं होतं. डार्लीननं खिशातून एक म्हातारी सोडली. ती जरा घुटमळली, आमच्या खांद्यांवरून मागे आली आणि शांतपणे ओढ्याच्या दिशेनं उतरत गेली. आम्ही तिघं तिच्याकडे दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो.

आधी आवाज आला नाही. आधी एक पाय दिसला, मग मान. माद्या होत्या. पुढची मोठी, वयस्क, तिच्यामागे आणखी काही. पुढची झऱ्याशी आली आणि थांबली. इतकी जवळ की तिच्या नाकपुड्यांची उघडझाप दिसत होती.

त्या क्षणी काकांच्या पिशवीतून आवाज आला.

बारीक गुडगुड. पण मला तो ढोल वाजल्यासारखा वाटला. काकांचा चेहरा पांढरा पडला. त्या दोन वर्षांत चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलांवर, दवाखान्याच्या बाकांवर तो चेहरा कसा होत असेल हे मला कळलं. मादीनं कान आमच्याकडे वळवले. मान उंच केली, नाक वर करून हवा ओढली. एकदा. पुन्हा एकदा. मी श्वास धरून बसले होते आणि मनात गणपतीला म्हणत होते, हे बघ, मला माहितीये मी काय मागतेय ते, तरी मागतेय.

तिनं मान खाली केली आणि पाणी प्यायला लागली.

काकांनी घाई केली नाही. ती वळून तिची कूस समोर येईपर्यंत थांबले. क्रॉसबोचा आवाज झाला, सगळी उधळली, ती थोडी पळाली, देवदारांच्या पलीकडे गेली आणि पडल्याचा आवाज आला. डार्लीननं मूठ आवळली. बाण नीट लागला होता.

काका तिकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

"तिला माझा वास आला नाही," ते म्हणाले. "सल, तिला माझा वास आला नाही."

मी त्यांचा हात धरून बसले.

मग आम्ही तिच्यापाशी गेलो. डार्लीननं टोपी काढली. मी हात जोडले. इतकं मोठं, इतकं उबदार जनावर, मघाशी पाणी पीत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पण डार्लीननं सुरी काढली तेव्हा पाय धरायला दुसरं कोणी नव्हतं, आणि मी धरला. तिच्या मांसाचा घास मी खाल्ला नाही. पण तिच्या मरणात माझं नाक होतं, माझं दही होतं, तेव्हा हात मागे घेणं मला शोभलं नसतं. वर्षाताईंना पाप वाटलं तर वाटो.

त्या संध्याकाळी जेवायला आम्ही चौघंच. मोठं टेबल, भरपूर जागा. काका आले, सगळ्या खुर्च्यांकडे एकदा बघितलं आणि मधोमध बसले.

त्या हिवाळ्यात ते चर्चच्या जेवणांना जायला लागले, असं जीननं फोनवर सांगितलं. तिथेही मधेच बसायचे. कोणी खुर्ची सरकवली तर त्याला मोठ्यानं एल्कची गोष्ट सांगायचे, पहिल्यापासून. उन्हाळ्याच्या आत ते गेले.

तळ आणखी दोन सीझन चालला. दोन हजार आठला डार्लीनच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि तिनं खेचरं विकली. त्या चौघांच्या जाण्यानं तळाचं कंबरडं मोडलं असं खालच्या गावात काही लोक म्हणायचे. मोडलं नव्हतं, पण वाकलं होतं, हे खरं आहे आणि ते मला अजून टोचतं. त्या तंबूंत किती चांगली माणसं येऊन राहिली असती. पण तोच प्रसंग पुन्हा आला तर? मी तेच करीन. अर्धा शब्दही बदलणार नाही.

एक फोन सांगायचा राहिला. दोन हजार सातच्या वसंतात आम्ही दोघी तिच्या गोठ्यापुढे तंबू उलगडून त्यांचे टाके तपासत होतो. फोन वाजला. डार्लीननं ऐकलं आणि तो माझ्या हातात दिला. "ब्रेंट. तुझं खातं."

"सल," तो म्हणाला. आवाज जरा खाली होता, प्रयत्नानं का होईना. "तुझी ओटची पेज आठवते आम्हाला. आम्हाला परत यायचंय. आमचाच आठवडा. फक्त एक विचारायचं होतं. त्या आठवड्यात दुसरं कोणी असेल तर ते जरा बघून घ्याल का? म्हणजे कोण आहे, कसं आहे..."

मी तंबूच्या कापडावरून हात फिरवला. मला तो खरंच आवडायचा, लाकडं सुरेख फोडायचा.

"ब्रेंट," मी म्हटलं, "इथे जो येईल त्याचा वास माझ्याकडे. तुझाही. बाकी कोण यावं आणि कोण येऊ नये, हे बघायचं खातं आम्ही उघडलेलं नाही. यायचं तर ये. पेज करीन."

मग फोन ठेवल्याचा आवाज.

"काय म्हणाला?" डार्लीननं विचारलं.

"काही नाही म्हणाला."

तिनं एकदा दूर डोंगराकडे बघितलं, मग पायाशी पसरलेल्या तंबूंकडे.

"बरं झालं," ती म्हणाली. "चार तंबू कमी शिवायचे." आणि माझ्या हातातली सुई घेऊन तिनं दोरा ओवायला सुरुवात केली.